एकदाच विचारायचं

दुपारची जेवणं आटोपली की आमचं घर तासभर मुकं व्हायचं. बाबा बाकावर आडवे, तोंडावर वर्तमानपत्र. आई चुलीपाशीच भिंतीला टेकून डोळे मिटलेली. मी फरशीवर पालथी, गारवा शोधत इकडून तिकडे सरकणारी. त्या दिवशी त्या शांततेत मागल्या दाराची कडी वाजली. इतकी हळू, की वाजवणाऱ्याचा हात वाजवता वाजवताच मागे गेला असावा.

आई डोळे न उघडता म्हणाली, "वकीलबाई आल्या."

वकीलबाई नेहमी मागल्या दाराने यायच्या. पुढल्या खोलीत बाबांचं मोजणीचं कपाट होतं, नकाशांच्या सुरळ्या होत्या, आणि सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी शेतकरी आपला बांध पदरात पाडून घ्यायला येऊन बसलेला असे. कोर्टातली बाई मोजणीदाराच्या घरात पुढून शिरताना दिसली, तर संध्याकाळपर्यंत गावात राईचा पर्वत झाला असता.

कडी मात्र बाईंनी वाजवली नव्हती. मी दार उघडलं तर पायरीवर एक मुलगी होती. माझ्याहून वीतभर बुटकी, केस कुणीतरी घाईघाईने कापलेले. बाई खाली जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करत होत्या.

"बारा दिवस," त्या वर न बघताच माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या आईला म्हणाल्या. मंडळात ठरलंय, तुझ्याकडेच ठेवायची, बाकी रात्री तुझा नवरा सांगेल. बाईंचं असंच. ठरवून झालं की सांगायच्या.

आईने मुलीच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी होते. पायरीचा दगड तापलेला, आणि ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी होती, पण आत पाऊल टाकत नव्हती. आई म्हणाली, "आत ये गं. भाजून घ्यायचं काय काम आहे?"

*

मंडळ म्हणजे पाच माणसं. एखाद्या मुलावरून मोठ्यांचं भांडण कोर्टात गेलं, कुणी पोराला बडवलं, कुणी शाळेतून काढून कामाला जुंपलं, तर मोठ्यांच्या बाजूने बोलायला सगळं गाव असायचं. मुलाच्या बाजूने बोलायला हे पाच. पगार नाही, दारावर पाटी नाही. दर गुरुवारी चार वाजता आमच्या पुढल्या खोलीत बैठक.

हेडमास्तर निवृत्त झालेले, पण त्यांच्या अंगातली शाळा काही सुटली नव्हती. चार म्हणजे चारला पाच कमी. जनावरांचे डॉक्टर मंडळात आले ते माणसांचे डॉक्टर यायला तयार नव्हते म्हणून. "पेशंट बोलत नाही, याची सवय मलाच जास्त," असं ते म्हणायचे, आणि कुणी हसलं नाही तर स्वतःच हसायचे. नर्सबाई कमी बोलायच्या. त्या येऊन गेल्यावर खोलीत बराच वेळ दवाखान्याचा वास राहायचा. वकीलबाई चौथ्या. पाचवे माझे बाबा. त्यांना का घेतलं असं मी एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले, दोघांच्या मधोमध रेघ कशी ओढायची ते मला ठाऊक आहे म्हणून. आई म्हणाली, बाक आपल्याकडे आहे म्हणून.

मंडळाचा एक नियम होता. हेडमास्तरांनी तो ठळक अक्षरांत लिहून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मुलाला एकदाच विचारायचं, एकानेच विचारायचं, आणि त्याआधी त्याला काही दिवस नुसतं राहू द्यायचं. फार पूर्वी एका मुलाला, हात कसा मोडला, असं पोलिसाने विचारलं, मग शिक्षकाने, मग डॉक्टरने, मग कोर्टाने. सातव्या वेळी ते म्हणालं, मी पडलो. नियम त्यानंतरचा. वही आमच्याच कपाटात असे, त्यामुळे तो मला पाढ्यांसारखा पाठ होता.

मुलीचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले होते. आई नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात तापाने गेली. मागे राहिली ही आणि तीन एकर जमीन, कालव्याला लागून. चुलता म्हणत होता, पोर आमच्या रक्ताची. मामा म्हणत होता, माझ्या बहिणीच्या पोटची. जमिनीचं नाव दोघंही काढत नव्हते. पण त्या वर्षी कालव्याला पाणी उशिरा सुटणार होतं, माती भेगाळून तिच्यात हात जात होता, आणि पहिलं पाणी ज्याच्या शेताला लागेल त्याचाच मका उभा राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. चुलत्याचं शेत त्या तीन एकरांच्या मागेच होतं. कालवा दिसायचा, पाणी नाही.

कोर्टाने मंडळाला एवढंच विचारलं होतं: मुलीला कुठे राहायचं आहे ते सांगा.

बाराव्या दिवशी गुरुवार येत होता. अकराव्या दिवशी नर्सबाईंनी येऊन विचारायचं, असं ठरलं. तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

*

नाव जनावरांच्या डॉक्टरांनी पाडलं. दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाता जाता ते डोकावले, तिला पाहून म्हणाले, "ही काय, वाळलेली शेंग." ती हसली. ते खूश. मग ती आमच्या घरात शेंगच झाली. मला ते झेंडी म्हणायचे, कारण मोजणीला मी बाबांबरोबर झेंडी धरून उभी राहायचे. झेंडी आणि शेंग. आम्हांला एकत्र पाहिलं की ते सायकलची घंटी दोनदा वाजवायचे.

ते बारा दिवस मी अजून बोटांवर मोजू शकते. मांडीवर पोर झोपलेलं असतं, उठायची सोय नसते, तेव्हा हटकून तेच आठवतात. पहाटे आम्ही हापशावर जायचो. उन्हाळ्याने पाणी इतकं खाली गेलेलं, की दांडा वीसदा हाणल्यावर हापसा खोकायला लागायचा आणि पंचविसाव्याला पाणी थुंकायचा. मी हाणायचे, शेंग मोजायची. मग ती हाणायची, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून दांड्याला लटकून, आणि मी मोजायचे. भरलेली बादली मध्ये धरून घरी येताना माझी पावलं मोठी पडायची, तिची लहान. पाणी हिंदकळून तिच्याच पायावर सांडायचं. दुसऱ्या दिवसापासून सांडायचं थांबलं. तिने तिची पावलं माझ्याएवढी केली होती.

ती सगळं असंच करायची. आई कप धुऊन पालथे घालते हे तिने एकदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी आईच्या आधी कप पालथे. मला दुधावरची साय आवडत नाही म्हटल्यावर तिलाही आवडेना. बाबांनी साय बोटाने उचलून मिटक्या मारत खाल्ली, तर दुसऱ्या दिवशी तिनेही खाल्ली, बाबांकडे बघत. "काल नाही म्हणालीस," असं मी म्हटलं. ती गोंधळली नाही. काल मी तुझ्याशेजारी बसले होते, असं म्हणाली.

आई हे सगळं बघत होती. आईने तिच्या कापलेल्या केसांना कात्री लावून ते नीट सारखे केले, पाठीवरची खरूज धुतली, आणि मोरीतून बाहेर आल्यावर मला दटावलं की तिला सारखं काही विचारत बसू नकोस.

मी विचारलं होतं, त्याच दिवशी, हापशावर. मी काही मंडळात नव्हते, म्हणजे नियम मला लागू नव्हता, असा माझा हिशेब. मी म्हटलं, तू इथेच राहा ना, माझी अर्धी गादी घे, दप्तर मी वाटून घेते. ती दांड्याला लटकलेली होती. खाली उतरली आणि म्हणाली, "मी इथेच राहणार आहे." मला आकाश ठेंगणं झालं. बादली मी एकटीने उचलून घरापर्यंत नेली.

*

सातव्या दिवशी मोजणी होती. त्या भागात मोजणीदार एकच, म्हणून तिच्या जमिनीची हद्दही बाबांनीच काढायची. बाबांनी पहाटे साखळीला तेल दिलं, कडी न् कडी पुसली. पाच झेंड्या, दहा लोखंडी खुंट्या, तीन पायांची घोडी, तिच्यावरची फळी, कागद. शेंगने खुंट्या वेचायचं काम मागून घेतलं. जिथे साखळी संपते तिथे बाबा खुंटी रोवणार, साखळी पुढे गेली की हिने ती उपटायची आणि मोजायची. हे काम मोठ्या माणसांनाही बिनचूक जमत नाही.

बांधावर दोन्हीकडची माणसं आधीच उभी होती. चुलता काळाकभिन्न, हातांना भेगा, डोक्याला ओला फडका. मामा लांबून सायकल मारत आलेला, गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरा. त्याने भाचीसाठी बूट आणले होते, दोन बोटं मोठे. तिने ते घातले आणि दिवसभर फटक-फटक करत चालली. मध्ये एक कोरडा चर आला, तेव्हा चुलत्याने काही न बोलता तिला बखोटीला धरून पलीकडे उचलून ठेवलं. ती दोघांकडे पाहून सारखंच हसली.

ऊन डोक्यावर आलं. साखळी हाताला चटके द्यायला लागली. बाबा एकदा इकडून तिकडे मोजत गेले, मग तिकडून इकडे. ही त्यांची पद्धत; जाताना आणि येताना आकडा जुळला तरच कागदावर चढवायचा. उत्तरेच्या बांधावर जुन्या नकाशापेक्षा दोन कड्यांचा फरक आला. बाबांनी पुन्हा साखळी टाकली. पुन्हा तेवढाच. म्हणजे दगड सरकला होता, किंवा सरकवला होता. बाबांनी बांधावर गुडघे टेकून हाताने माती उकरली, आणि जुन्या दगडाची जागा सापडली, चुलत्याच्या बाजूला दोन पावलं आत.

चुलता तिथेच उभा होता. तो मोठ्याने बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मोजणीदार, पोर तुमच्या घरी जेवते म्हणे. मग दगड तिच्याच सोयीने सरकणार की."

कुणीतरी हसलं. बाबा अजून गुडघ्यांवर होते, हाताला माती. त्यांनी वर पाहिलं नाही. मला झेंडी सोडून पळून जावंसं वाटलं, पण झेंडी हलली की सगळी रेघ चुकते, म्हणून मी डोळे मिटून दांडा घट्ट धरला. मग बाबांनी चुलत्यालाच साखळीचं एक टोक धरायला दिलं आणि तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच आला. चुलत्याने साखळीचं टोक खाली टाकलं नाही, हळूच ठेवलं. "लिहा मग," म्हणाला.

सावलीला बसून खाताना बाबा साखळीची घडी घालत होते आणि शेंग त्यांना कड्या हातात देत होती. मी पाण्याची बाटली घेऊन लांब बसले होते. बाबा हळू आवाजात काहीतरी म्हणाले. तिने मान हलवली, काहीतरी बोलली. बाबांचा हात साखळीवर थांबला, आणि मग त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला, मातीचाच.

घरी येताना बाबा शीळ घालत होते. भर उन्हात, गुडघे सोललेले, चारचौघांत टोमणा खाल्लेला माणूस शीळ घालत होता. आईने दारातूनच ती ऐकली आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्या संध्याकाळी आईने पेटीतून पडद्याचं जुनं कापड काढलं. निळं, त्यावर बारीक पानं. शेंगला उभं करून माप घेतलं, खडूने खुणा केल्या. फ्रॉक कापताना तिने खाली चार बोटं कापड दुमडून आत शिवलं. मी म्हटलं, एवढं कशाला? वाढत्या अंगाचं शिवावं, असं आई म्हणाली. दरवर्षी एक-एक बोट सोडलं की झालं.

चार बोटं म्हणजे चार वर्षं. मी मनात मोजलं आणि माझं नक्की झालं. मग मला राहवेना. मी आईला म्हटलं, तू पण विचार ना तिला, ती तुलाही सांगेल. आईने दोरा दातांनी तोडला.

"मी मंडळात नाही," ती म्हणाली. "आणि असते तरी नसतं विचारलं. नियम आहे."

*

अकराव्या दिवशी नर्सबाई आल्या. पुढल्या खोलीचं दार लोटून घेतलं. आई आणि मी परसात मका सोलत बसलो. दाणे टोपलीत पडायचा आवाज तेवढा. थोड्या वेळाने दार उघडलं. नर्सबाईंनी पाणी मागितलं, उभ्यानेच प्यायल्या, आपली वही पिशवीत घातली आणि गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळायचं नाही, तो त्यांच्या कामाचाच भाग होता. शेंग येऊन आमच्यात बसली आणि कणीस उचललं.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना हेडमास्तर आले, मग एकेक सगळे. मी चहाचे कप नेले. कप ठेवून दाराआड थांबायची माझी जागा ठरलेली होती. शेंग परसात होती, पण खिडकी उघडी होती. त्या उन्हाळ्यात खिडक्या लावायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी बिस्किट चहात बुडवत सुरुवात केली, की आज काही लांबण लागायचं कारण नाही, पोरीचं मन स्वच्छ आहे. हेडमास्तर म्हणाले, अगदी स्वच्छ. वकीलबाई म्हणाल्या, मी मसुदा लिहूनच आणलाय. बाबा खुर्चीत सैल होऊन बसले होते.

नर्सबाईंनी आपली वही उघडली नाही. तिच्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मी तिला काल विचारलं, तुला कुठे राहायचंय. तर तिने मला विचारलं, बाई, तुम्हांला काय लिहायचंय?"

कुणी चहा प्यायलं नाही.

"पोर असं कधी बोलतं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याआधी कुणी विचारलं?"

डॉक्टरांचं बिस्किट कपात पडलं. शेवटी तेच बोलले. त्यांनी तिला एक दिवस वासरू दाखवायला नेलं होतं, ते चुलत्याच्याच गोठ्यातलं. गोठा इतका स्वच्छ, जनावरं अशी तुकतुकीत, की ज्याची जनावरं सुखी त्याच्या घरात माणूस सुखी, असं त्यांच्या मनात आलं आणि तोंडातून गेलं. ती म्हणाली, मला काकाकडेच जायचंय.

हेडमास्तर ताठ झाले. तसं नाही, ती त्यांना वसतिगृहाच्या शाळेबद्दल बोलली होती. त्यांनी विचारलं नव्हतं हो, नुसती तयारी करून घेतली होती. परीक्षेआधी तोंडी सराव नको का? पोर ऐनवेळी बावरतं. सरावात तिने खणखणीत सांगितलं, मला शिकायचंय, मला वसतिगृहात घाला.

"मला तिने मामा सांगितलं," वकीलबाई म्हणाल्या. त्या जीपमध्येच तिला विचारून मोकळ्या झाल्या होत्या, पहिल्याच दिवशी, आमच्या दारात यायच्या आधी. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा प्रश्न कोर्टापुढे जाऊ द्यायचा नसतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यांनी हातातला मसुदा दुमडला, मग आणखी दुमडला.

राहिले बाबा. मी दाराच्या फटीतून त्यांचे गुडघे बघत होते. त्यांवरची खपली अजून निघाली नव्हती.

"माझी सवय आहे, जाताना एकदा, येताना एकदा मोजायची," बाबा म्हणाले. "म्हटलं, नर्सबाईंचं उत्तर यायच्या आधी आपलं एक असावं. जुळवून बघायला." मग थांबले. "मला म्हणाली, तुमच्याकडे."

चार माणसं आणि चार घरं. ज्याने जे मनात धरलं होतं तेच त्याला मिळालं होतं. मला हापसा आठवला. मला वाटत होतं की मी आत जाऊन सांगावं, मलाही तसंच म्हणाली. पण त्याने आता काय सिद्ध होणार होतं ते मलाही कळत होतं.

हेडमास्तरांनी मंडळाची वही पालथी ठेवली. आपलं अक्षर त्यांना बघवेना. डॉक्टर म्हणाले, मंडळात एकच शहाणी निघाली, आणि ती पोर आहे. यावर ते स्वतःसुद्धा हसले नाहीत.

मग बाबांनी विचारलं, अगदी खालच्या आवाजात, की तिला आमच्याकडेच ठेवलं तर? तिने काहीही सांगितलेलं असो. बायकोचा जीव लागलाय. आमच्या पोरीचाही. तिचं काही कमी होऊ देणार नाही.

वकीलबाईंनी चष्मा काढला. त्या बाबांशी कधी इतक्या मऊ बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुम्ही तिची जमीन मोजलीत. दगड तिच्या बाजूने निघाला. आता पोर तुमच्या घरात राहिली, तर तो नकाशा चुलता दोन दिवसांत फाडून टाकेल, आणि कोर्ट त्याला फाडू देईल. तिच्याकडे त्या तीन एकरांशिवाय काय आहे?"

बाबा उठून कपाटाशी गेले. एक सुरळी उघडून बघितली, परत गुंडाळली. काही शोधत नव्हते. "नकाशा बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

त्यांनी कोर्टाला खरं ते लिहिलं. हेडमास्तरांनीच लिहिलं, खाडाखोड न करता: आम्ही पाच जण मुलाला एकदाच विचारण्याचा नियम पाळतो असे सांगत आलो, आणि आम्हीच तो मोडला. मुलीचे मन आता आम्हांला सांगता येत नाही. दोष आमचा आहे, तिचा नव्हे. पाचांनी सह्या केल्या, नर्सबाईंनीसुद्धा, ज्यांनी काही मोडलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकत होती. मी आत गेले तर ती कोरडे कप पुन्हा पुसत होती.

*

कोर्टाचं उत्तर आठवड्याने आलं. जमीन ती मोठी होईपर्यंत कोर्टाच्या देखरेखीखाली, चुलत्याने वर्षाला ठरलेला खंड भरून कसायची, पाण्यासकट. मुलगी मामाकडे, त्याचं शेत त्या बांधाला लागत नाही म्हणून. मंडळाने महिन्यातून एकदा जाऊन बघायचं, आणि वर्षभर तिला कुणी काही विचारायचं नाही. तसा निकाल वाईट नव्हता. मामी चांगली होती, पुढे आम्हांला कळलंच. पण त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. शेंग मात्र जेवायची, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून, ताट चाटूनपुसून.

निघायच्या सकाळी जीप मागल्या दाराशी आली. मामा पुढे बसला होता, नर्सबाई मागे. बाबा तिला भेटून मोजणीला निघून गेले होते, त्या दिवशी मोजणी नसतानाही. मी माझी रंगीत पेन्सिल तिला दिली आणि दाराची चौकट खरवडत उभी राहिले.

निळा फ्रॉक तिच्या अंगावर होता. मागचं वरचं बटण सैल झालेलं आईला ऐनवेळी दिसलं. "थांब, दोन टाके घालते," म्हणून तिने सुई-दोरा आणला आणि तिला पायरीवर पाठमोरी बसवलं. जीपचं इंजिन चालू होतं. आई गुडघ्यावर बसून टाके घालत होती. दोन झाले, तीन झाले, पाच झाले. बटण केव्हाच पक्कं झालं होतं.

शेंग मान खाली घालून बसली होती, बोटांनी फ्रॉकची आतली दुमड चाचपत. चार बोटं तिने एकेक करून मोजली असावीत. मग मागे न वळता ती बोलली. आवाजात तक्रार नव्हती. हापशाचा आकडा सांगावा तशी बोलली.

"काकू, मला सगळ्यांनी विचारलं. तुमच्यासाठी मी उत्तर ठेवलं होतं. तुम्ही का नाही विचारलं?"